कॅपची यादी लागेपर्यंत
ताई, लेकीच्या इंजिनिअरिंगच्या कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, यादीला अजून वेळ आहे, तोवर काय करायचं, असं विचारलंत. आधी नॉन-क्रिमीलेअरचा दाखला (ओबीसीसारख्या राखीव प्रवर्गातून प्रवेशासाठी लागतो तो) बाहेर काढून बघा. मुदत पुढच्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत हवी. प्रवेश अर्जाला दाखल्याची नुसती पोचपावती जोडली असेल, तर मूळ दाखला ठरल्या तारखेच्या आत चढवायलाच हवा, नाहीतर अर्ज खुल्या प्रवर्गात जातो. चांगले मार्क असलेली मुलंही इथेच मार खातात, फार वाईट वाटतं.

कॉलेजांचे पर्याय कन्फर्म करण्याआधी क्रम पुन्हा वाचा. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला की ऑटो फ्रीझ, म्हणजे जागा आपोआप पक्की, पुढच्या फेऱ्या बंद. लोणेऱ्याचं कॉलेज खरंच हवं असेल तर ते रत्नागिरीच्या कॉलेजच्या वर टाका.

जागा स्वीकारणं शेवटच्या दिवसावर ठेवू नका. पावसात लाईट गेली की रेंजही जाते, ओटीपी येतच नाही.