केरेतारो, सान मिगेल, ग्वानाह्वातो: फेब्रुवारीत ८ दिवस, सोबत ज्येष्ठ मंडळी. सल्ला हवा

भटकंती_डॅलस
बेत असा: डॅलसहून मेक्सिको सिटी, मग केरेतारो, सान मिगेल दे आयेंदे, ग्वानाह्वातो, साकातेकास, मोरेलिया आणि परत मेक्सिको सिटी. आईबाबा सत्तरीतले, बाबांचे गुडघे दुखतात. सगळे शाकाहारी. गाडी भाड्याने घ्यावी की बस? भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो का?

घाटमाथा
साकातेकास आणि मोरेलिया दोन्ही काढा. एक उत्तरेला, दुसरं दक्षिणेला. दोन्हींच्या नादात दोन अख्खे दिवस बसमध्ये जातील. मेक्सिको सिटीही वगळता येते. डॅलसहून केरेतारोला थेट विमान आहे, आणि परतीला सिलाओजवळच्या बाहीओ विमानतळावरून थेट डॅलस. हा विमानतळ ग्वानाह्वातोपासून टॅक्सीने साधारण ३० किमी. रात्री अशा वाटा: केरेतारो २, सान मिगेल २, ग्वानाह्वातो ३.

गाडी नकोच. ग्वानाह्वातोत रहदारी मोठ्या प्रमाणावर जमिनीखालच्या बोगद्यांतून चालते, त्यातला मुख्य रस्ता जुन्या नदीपात्रातून जातो. आत गेलं की जीपीएस गप्प, आणि एक वळण चुकलं की शहराच्या भलत्याच टोकाला बाहेर. बसने केरेतारो–सान मिगेल सव्वा तास, सान मिगेल–ग्वानाह्वातो दीड ते पावणेदोन तास. पहिल्या वर्गाची तिकिटं आदल्या दिवशी काढा. ग्वानाह्वातोचा बस अड्डा गावाबाहेर आहे, तिथून टॅक्सी करा.

कागदपत्र
व्हिसाचं: पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. घोळ इथे होतो: पासपोर्टवरच्या व्हिसाची (स्टॅम्पची) मुदत संपलीय आणि हातात फक्त आय-७९७ (अमेरिकेतल्या अर्जाच्या मंजुरीची सूचना) आहे, तर ते मेक्सिकोला चालत नाही. आईबाबा व्हिजिटर व्हिसावर असतील तर परत आल्यावर त्यांचा आय-९४ (अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल याची नोंद) उघडून तारीख बघा. मेक्सिकोची छोटी फेरी केली की सहा महिने नव्याने मिळतात, असं गृहीत धरू नका.

पायरी_मोजा
गुडघ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ग्वानाह्वातोतली खोली. शहर घळीत वसलंय आणि घरं दोन्ही उतारांवर चढत गेलीत. नकाशावर चौकापासून २०० मीटर दिसणारं हॉटेल शंभर पायऱ्या वर असू शकतं, आणि गल्लीत टॅक्सी शिरत नाही. बुकिंगआधी विचारा: "कुआन्तोस एस्कालोनेस आय?" म्हणजे पायऱ्या किती. हार्दीन दे ला उनियोन ते प्लासा दे ला पास या दोन चौकांमधला पट्टा बराच सपाट आहे. शुक्रवार-शनिवारी तिथे रात्री उशिरापर्यंत गाणंबजावणं चालतं, म्हणून खोली मागच्या बाजूची मागा. टेकडीवरच्या पीपिलाच्या (स्वातंत्र्ययुद्धातला वीर) पुतळ्यापाशी जायला तेआत्रो हुआरेस या नाट्यगृहाच्या मागून फ्युनिक्युलर (उतारावर दोराने ओढला जाणारा रुळांवरचा डबा) आहे; उतरतानाही तोच घ्या.

सान मिगेलमध्ये रस्ते गोट्यांचे, पदपथ अरुंद आणि गुळगुळीत. रबरी तळाचे बूट हवेत. चाकांची मोठी बॅग इथे निरुपयोगी.

शेवभाजी
"सिन कार्ने" (मांस नको) एवढं सांगून भागत नाही. कार्ने म्हणजे बऱ्याच जणांच्या लेखी लाल मांस, कोंबडी आणि हॅम त्यात धरत नाहीत. पुढे जोडा: "नी पोयो, नी हामोन, नी मान्तेका, नी काल्दो दे पोयो." म्हणजे कोंबडी, हॅम, मान्तेका आणि कोंबडीचा रस्साही नको. मान्तेका म्हणजे डुकराची चरबी, ती घोटलेल्या राजम्यात आणि तामालमध्ये (मक्याच्या पिठाचा वाफवलेला पदार्थ) असते. तांबडा भात बहुधा कोंबडीच्या रश्श्यात शिजवतात. मक्याची तोर्तिया (पातळ भाकरी) सहसा सुरक्षित, मैद्याची विचारून घ्या. नोपालेस (निवडुंगाची पानं) किंवा चीज भरलेली मिरची मागवा. ग्वानाह्वातोत एन्चिलादास मिनेरास (मिरचीच्या रश्श्यातल्या भरलेल्या तोर्तिया): वर बटाटा-गाजर, आत चीज, पण कोंबडी नको हे आधी सांगायचं. मुख्य जेवण दुपारी दोन ते चार, तेव्हाचं ठरलेलं ताट स्वस्त पडतं.

एटीएमवर यंत्र स्वतःच्या दराने डॉलरमध्ये हिशोब देऊ करतं, तो नाकारा. आणि मेनूवरचं डॉलरचं चिन्ह पेसोचं असतं, घाबरू नका!

घाटमाथा
पाहण्याबद्दल थोडं. सान मिगेलच्या चर्चचं गुलाबी तोंड वसाहतकालीन नाही, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं आहे. वेळ कमी असेल तर अर्धा दिवस आतोतोनिल्कोच्या चर्चला द्या. गावापासून पंधरा किमीच्या आत, आतल्या भिंती आणि छत अठराव्या शतकातल्या चित्रांनी भरलेले. केरेतारोत ७४ कमानींचा जलसेतू (१७३८ मध्ये पुरा झाला) संध्याकाळच्या उन्हात बघा. ग्वानाह्वातोतली आलोन्दिगा ही धान्यकोठी सोमवारी बंद असते. स्पेनविरुद्धच्या उठावाचे नेते इदाल्गो, आयेंदे, आल्दामा, हिमेनेस यांची मुंडकी १८११ ते १८२१ तिच्या चार कोपऱ्यांवर टांगलेली होती.

उंची १८०० ते २००० मीटर. पहिल्या दिवशी चढ नको. दुपारी ऊन भाजतं, रात्री स्वेटर लागतो, आणि जुन्या घरांत हीटर असतोच असं नाही.

भटकंती_डॅलस
साकातेकास, मोरेलिया रद्द. दोलोरेस इदाल्गो हे गाव ग्वानाह्वातोच्या वाटेत होतं का?

घाटमाथा
होतं. सान मिगेलहून ४० किमी. पण तिथून ग्वानाह्वातोचा सान्ता रोसामार्गे रस्ता वळणांचा आहे. बस लागत असेल तर दोलोरेस सान मिगेलहूनच जाऊन-येऊन करा.