अ‍ॅल्युमिनियमची नाताळझाडं: जपायची की भंगारात घालायची?

तळ्याकाठी
काल इथे खडूस_सदाशिव यांनी लिहिलं, "अमेरिकनांचं कसलं वारसाप्रेम! साठ वर्षांपूर्वीची पत्र्याची झाडं नीटनेटकी करून दुकानांच्या काचेत लावतात. आपला भंगारवाला दारातून परत पाठवेल." रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलोय.

ही झाडं लागतात मॅनिटोवॉकला, विस्कॉन्सिनमध्ये. मी मिलवॉकीत राहतो, दरवर्षी चक्कर होते. आठव्या रस्त्यावर काचेमागे चंदेरी झाडांच्या रांगा. हा बाजारातून आणलेला माल नाही हो, गावानेच घडवलेला आहे! तिथल्या अ‍ॅल्युमिनियम स्पेशालिटी कंपनीने १९५९ पासून 'एव्हरग्लीम' नावाने ही झाडं काढली, दहा लाखांहून जास्त.

आणि पत्रा? पत्रा नाही, वर्ख म्हणा. तारेवर गुंडाळलेल्या वर्खाच्या बारीक पट्ट्या. मधला दांडा लाकडी, त्याला तिरकी भोकं, एकेका भोकात एकेक फांदी. प्रत्येक फांदीला स्वतःची कागदी नळी. शेजारच्या आजींचं झाड लावायला गेलो तेव्हा पहिलीच फांदी मी नळीतून सर्रकन ओढली. पट्ट्या दुमडल्या, दोन तुटून गालिच्यावर पडल्या. आजी काही बोलल्या नाहीत, फक्त नळी माझ्या हातातून काढून घेतली. मग दाखवलं: फांदी मुठीत स्थिर धरायची आणि नळी मागे सरकवायची. पुढचे दोन तास मी निमूट नळ्या सरकवत होतो. भंगाराशी कुणी असं वागतं?

खडूस_सदाशिव
वर्खपुराण वाचलं. आता माझा मुद्दा वाचा, जो तुम्ही शिताफीने टाळलात. झाडं काचेत, पण ती बनवणारा कारखाना कुठाय? गावातला भांड्यांचा धंदाही उठला. हात घरी बसले आणि हातांनी केलेली वस्तू शोभेला. याला जतन म्हणत नाहीत, वर्षश्राद्ध म्हणतात. शिवाय १९६५ साली टीव्हीवर एका कार्टूनने या झाडांची टर उडवली आणि त्यानंतर लोकांनी ती माळ्यावर टाकली. तेव्हा कुठे गेलं होतं प्रेम? आता गुलाबी झाड हजारो डॉलरला जातं म्हटल्यावर उमाळा आला.

पल्लवी_ठाणे
भांड्यांवरून आठवलं, आमच्याकडे अ‍ॅल्युमिनियमला 'जर्मन' म्हणायचे. जर्मनचं पातेलं आजीने जपलं आणि तांब्याची घागर आईने मोडीत दिली. कुणी काय जपावं याला काही नियम नाही.

एक विचारायचं होतं. या झाडावर दिव्यांची माळ का नसते?

तळ्याकाठी
धातूच ना तो! वायर सोलली गेली तर अख्खं झाड करंट मारेल. म्हणून खाली एक दिवा आणि त्याच्यापुढे चार रंगांचं फिरतं चक्र. झाड लाल, निळं, हिरवं, पिवळं होत राहतं.

गिरगावचा_बाळ्या
अहो, हे तर आमच्या गणपतीमागचं चक्र!! बाबांनी १९८६ साली थर्माकोलचं मखर कोरलं होतं. मागे जुन्या टेबलफॅनची मोटर, जिलेटिनचे तुकडे. दरवर्षी तेच मखर, घड्या घालून धोतरात गुंडाळलेलं. २०१८ ला बंदी आली आणि सोसायटीच्या सेक्रेटरीने दारात उभं राहून मोडायला लावलं. बाबा तेव्हा ऐंशीचे. इथे कुणी बोलतं का त्यावर? अमेरिकेच्या झाडांवर निबंध लिहिता.

सिंधू_ताई
थर्माकोल हा वारसा? विसर्जनानंतरच्या सकाळी चौपाटीवर या एकदा, हातमोजे मी देते. बंदी योग्यच होती.

गिरगावचा_बाळ्या
ताई, आमचं मखर बत्तीस वर्षांत एकदाही कचऱ्यात गेलं नाही. तुमचं 'इकोफ्रेंडली' पुठ्ठ्याचं दर भाद्रपदात नवं येतं, प्लास्टिकच्या पिशवीतून. हिशोब करा.

सिंधू_ताई
एका बाळ्याच्या मखरावरून कायदा करायचा का? दहा घरांपैकी नऊ फेकत होते.

गिरगावचा_बाळ्या
नऊ कुठून आणले? मोजायला गेला होतात?

सिंधू_ताई
किनाऱ्यावर उचललेत. पाठ अजून दुखते. आणि आवाज खाली.

वसईची_सून
नाताळ म्हटलं की थेट विस्कॉन्सिन. आमच्या वसईतले येशूजन्माच्या देखाव्याचे गोठे, कामट्या आणि पतंगी कागदाचे चांदणीचे कंदील कुणाला दिसत नाहीत. सासऱ्यांनी केलेल्या कंदिलावर गेल्या वर्षी मी नवा कागद चढवला. खळ घरी शिजवली, मुंग्या लागल्या.

गिरगावचा_बाळ्या
धोतरात गुंडाळलेलं, ताई. धोतरात! लहान मुलासारखं.

सिंधू_ताई
बरं. तुमच्या वडिलांचं मखर मोडायला नको होतं. त्या एकाचं. झालं समाधान?

वसईची_सून
माझं कुणी वाचलं का?

तळ्याकाठी
वसईताई, वाचलं. कंदील तुमचा, पण नवा कागद चढवल्यावर तो जुना राहिला का, हा माझाही प्रश्न आहे. इथे तुटलेली फांदी तशीच ठेवावी की दुसऱ्या मोडक्या झाडाची आणून खोचावी यावर भांडणं होतात. चक्रातला जुना दिवा इतका तापतो की रंगीत पापुद्रा वाकतो, म्हणून आता एलईडी टाकतात. मला तो उजेड आवडत नाही, पण चक्र वाचतं.

सदाशिवराव, कारखान्याचं तुमचं खरं आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच सांगतो, त्याच आठव्या रस्त्यावर १९६२ साली स्पुतनिक-४ या सोव्हिएत यानाचा साधारण नऊ किलोचा जळका तुकडा पडला होता. पडल्या जागी पितळी कडं बसवलंय. गावाला पडलेलं-झडलेलं जपायची खोडच आहे.

खडूस_सदाशिव
म्हणजे आकाशातून आलेलं भंगारही सोडत नाहीत. धन्य.

एक सांगा. ते चक्र फिरताना आवाज येतो का? आमच्या मखरामागचं घर्र घर्र करायचं आणि दर फेरीला एकदा टक् वाजायचं.

तळ्याकाठी
येतो. आजींच्याचा तर चांगला मोठा. तेल घालायला गेलो तर हात झटकला त्यांनी.

खडूस_सदाशिव
मग चक्र ठेवा. झाडाबद्दलचं माझं मत कायम आहे.