समुद्राजवळ खुल्या अंगणात वाद्यवृंद: सूर, वारा आणि गाज यांचं काय करावं?

सुरूबन (रत्नागिरी)
नमस्कार मंडळी. जानेवारीअखेर एका संध्याकाळी निसर्गावरच्या नव्या रचनांचा कार्यक्रम ठरतोय. सात वादक: बासरी, सतार, व्हायोलिन, हार्मोनियम, तबला, पखवाज, घुमट (कातडं ताणलेलं मातीच्या मडक्याचं वाद्य). पाच रचना, मिळून सव्वा तास. विषय लाट, खाजण (खाडीकाठची दलदल), पावशा पक्षी, बेडूक आणि सड्यावरचा (कातळपठारावरचा) पाऊस. निवेदन अगदी थोडं.

जागा दोन आहेत. एक पुळणीपासून दीडशे मीटरवर, माडांच्या वाडीतलं अंगण. दुसरी गावातल्या देवळाचा सभामंडप, चिऱ्याच्या भिंती आणि वर कौलं. मंडळींचा ओढा अंगणाकडे आहे.

विचारायचं ते असं. सगळ्यांचा सा (आधाराचा सूर) कुठे धरावा आणि तो सव्वा तास टिकेल कसा? वारा नि समुद्राची गाज यांचा बंदोबस्त काय? आणि लाटांचे, पक्ष्यांचे ध्वनिमुद्रित आवाज वापरावेत का?

पांढरी_दोन
सा पांढरी २ ला (हार्मोनियमच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीला) धरा. सतार साधारण काळी १ ला असते, अर्धा सूर चढवणं तिला झेपतं. तारा मात्र दोन दिवस आधी बदला, म्हणजे ताणून बसतील. बासरी पांढरी ३ चीच आणू नका, पांढरी २ ची लांब बासरी मागवा. तबल्याला साधारण सव्वापाच ते साडेपाच इंची तोंडाचा दाया (उजव्या हाताचा तबला) लागेल.

खरी अडचण सूर लावताना येत नाही, अंधार पडल्यावर येते. साडेसहाला हवा २८ अंश असेल आणि आठला २२ झाली, तर प्रत्येक वाद्य आपापल्या दिशेने जातं. बासरीतली हवा थंड झाली की सूर उतरतो, अंशाला सुमारे ३ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). फुंकरीच्या उबेने थोडं सावरतं, तरी १०-१५ सेंटचा फरक राहतो. सतारीच्या पोलादी तारा थंडीने आकसतात, म्हणून त्या चढतात. दव पडायला लागलं की तबल्याची पुडी (वरचं कातडं) सैल होऊन उतरते. हार्मोनियम मात्र जागची हलत नाही. पांढरी २ चा पंचम म्हणजे ४४० हर्ट्झ. तिथे बासरी १२ सेंट खाली असेल, तर हार्मोनियमबरोबर सेकंदाला तीनदा सूर हेलकावेल, आणि तो मागच्या रांगेलाही कळेल.

म्हणून बासरी आणि हार्मोनियम यांना एकाच ओळीवर लांब सूर देऊ नका. बासरीची मुख्य रचना पहिली किंवा दुसरी ठेवा. बासरीवादकाकडे एकाच पट्टीच्या दोन बासऱ्या असाव्यात, त्यातली एक किंचित चढी, कारण बांबूची लांबी ऐनवेळी बदलता येत नाही. प्रत्येक रचनेनंतर दोन मिनिटं सूर जुळवायला राखून ठेवा. तेवढ्यात निवेदन उरकतं. दाया हातोडीने गजऱ्यावर (कातड्याच्या कडेच्या गोफावर) ठोकून चढवावा. फरक मोठा असेल तर आधी गठ्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे). पखवाजाच्या बायाला (डाव्या तोंडाला) लावलेली कणीक खाऱ्या वाऱ्यात वरून वाळते, तडकते आणि घुमारा जातो. ओलं फडकं आणि मळलेली जादा कणीक हाताशी हवीच.

ध्वनीयोजक
अंगणाचा हट्ट असेल तर आधी पंचांग उघडा. आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण मिळते. अष्टमीला सहा, म्हणजे तुमच्या पहिल्या रचनेला समुद्र अंगणाच्या सगळ्यात जवळ. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी-मध्यरात्री, त्यामुळे संध्याकाळी सहाच्या सुमाराला ओहोटी. पाणी लांब असतं, गाज कमी. तारीख याच हिशेबाने निवडा. गाज खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्ट्यांत पसरलेली असते, ती मिक्सरवर कापता येत नाही. सतारीची हलकी मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) आणि गाज एकाच जागी बसतात, तिथे मींडच हरते.

वाऱ्याचं वेगळं गणित आहे. संध्याकाळपर्यंत खारे वारे पश्चिमेकडून येतात, सूर्यास्तानंतर पडतात, मग जमिनीकडून मतलई वारे सुटतात. म्हणून पडदा पश्चिमेला लावा. बासरीच्या तोंडावर आडवा वारा आला तर फुंकरच मोडते, सूर फाटतो, मग कुठलाही माईक उपयोगाचा नाही. प्लॅस्टिकची ताडपत्री फडफडते, तिच्याऐवजी माडाच्या पानांचे विणलेले झाप दुहेरी घट्ट बांधा किंवा जाड सतरंज्या ताणून लावा. सुरूची झाडं जवळ असतील तर ती स्वतःच वाऱ्यात सूं सूं करतात. मंच त्यांच्यापासून लांब हवा.

माईक: तबला २, पखवाज २, हार्मोनियम १, बाकी चौघांना एकेक, म्हणजे बासरी, सतार, व्हायोलिन, घुमट मिळून चार, हार्मोनियम धरून पाच, तालवाद्यं चार: एकूण ९. तानपुरा आणि निवेदन धरून ११. सोळा चॅनेलचा मिक्सर पुरेल. बासरी, सतार, व्हायोलिनला १०० हर्ट्झखाली कट द्या, वाऱ्याची घरघर तिथेच असते. पखवाजाला देऊ नका. स्पंजची टोपी पुरत नाही, केसाळ टोपी आणा. घुमट बासरीपासून लांब बसवा, नाहीतर त्याचा प्रत्येक ठोका बासरीच्या माईकमधून दुसऱ्यांदा ऐकू येतो.

आणखी एक. जांभ्या कातळावर अर्थिंग नीट लागत नाही, जानेवारीत जमीन कोरडी असताना तर नाहीच. मग स्पीकरमध्ये ५० हर्ट्झचा गुणगुणाट येतो. खड्ड्यात मीठ, कोळसा घालून आदल्या दिवसापासून पाणी घालत राहा. दिव्यांची लाइन आवाजापासून वेगळी काढा. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो, तेव्हा साडेसहालाच सुरुवात करा. पोलीस परवानगीचा अर्ज लवकर टाका.

खाजणकाठ
मला ध्वनिमुद्रित आवाज अजिबात पटत नाहीत. दीडशे मीटरवर खरा समुद्र असताना स्पीकरमधून दुसरा समुद्र कशाला? शिवाय मुद्रित लाटेची लय बदलत नाही, वादक तिच्यात अडकतात.

निसर्ग रचनेच्या बांधणीतून यावा. लाटेचं उदाहरण घ्या. मिनिटाला ९६ मात्रांच्या लयीत तीनतालाचं १६ मात्रांचं आवर्तन बरोबर दहा सेकंदांत होतं, आणि दहा सेकंदांनी लाट येते असं धरून रचना बांधायचा मोह होतो. पण समुद्र कधी आठ सेकंदांनी येतो, कधी बारा. म्हणून तिथे ताल काढून टाका. बासरीची एक फुंकर म्हणजे एक लाट. श्वास संपला की घुमटावर एक मोकळा ठोका, आणि पुढची ओळ श्वास भरल्यावर. अंतर आपोआप असमान होतं.

पावशा व्हायोलिनला द्या. 'पेर्ते व्हा' ही तीन तुकड्यांची हाक दर वेळी थोडी वर आणि थोडी घाईने येते, चढत चढत एकदम तुटते. पाच-सहा वेळा म्हणा. प्रत्येक खेप अर्ध्या सुरापेक्षाही कमी चढवा. हार्मोनियमवर हे होणारच नाही, त्या जागी तिला गप्प ठेवा. आणि तुटल्यावर सम (तालाची पहिली मात्रा) गाठू नका. तिहाईची (तीनदा वाजवून समेवर येण्याची) सवय इथे घात करते.

बेडकांसाठी पखवाज ७ मात्रांत, घुमट ८ मात्रांत. दोघे ५६ मात्रांनी भेटतात. लय ११२ ठेवली तर बरोबर अर्ध्या मिनिटाने. तीन वेळा भेट झाली की पुरे, चौथ्यांदा श्रोता आधीच ओळखतो. तबला बाहेर ठेवा.

घुमटाला घोरपडीचं कातडं नसेल याची खात्री करा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार ते बेकायदेशीर आहे. बकऱ्याचं कातडं दवात लवकर सैल पडतं, म्हणून मंचामागे बल्बची किंवा शेगडीची ऊब ठेवा आणि वाजवण्याआधी शेकून घ्या.

सड्यावरच्या पावसाला मेघ रागाचा आधार चालेल. गंधार-धैवत नसल्यामुळे त्यात मोकळी जागा खूप मिळते. मियाँ मल्हार घेऊ नका. त्याच्या आंदोलित गंधाराने श्रोता लगेच बंदिशी आठवू लागतो आणि नवी रचना ऐकायची राहते.

सुरूबन
फार उपयोग झाला. क्रम असा धरतो: लाट, खाजण, पावशा, बेडूक, पाऊस. बासरी पहिल्या दोन रचनांत मुख्य राहील. एकच शंका: पाऊस शेवटी, आणि त्यात सातही वाद्यं आहेत. तेव्हा हवा सगळ्यात थंड असणार.

पांढरी_दोन
मग पावसात बासरीला षड्ज-पंचमावर थांबवू नका, छोट्या, धावत्या जागा द्या. तिथे दहा-बारा सेंटचा फरक जाणवत नाही. लांब सूर व्हायोलिन आणि सतारीला. पाऊस सुरू करण्याआधीची विश्रांती दोन मिनिटांऐवजी चार करा आणि सतारीच्या तरफा (खालच्या आपोआप गुंजणाऱ्या तारा) तेव्हाच परत लावून घ्या. तालीम एकदा तरी त्याच अंगणात, त्याच वेळी, अंधार पडेपर्यंत करा. सकाळच्या तालमीत यातलं काहीच कळणार नाही.