सोसायटी ग्रुप: ओढ्याकडच्या ओपन स्पेसचं काय ठरलंय?

ताई (ए-३०२): सकाळी कटरवाला येऊन ओढ्याकडची निम्मी बाजू साफ करून गेला. बाभळीच्या फांद्यापण उतरवल्या. सुगरणीची घरटी होती त्यावर. कुणी सांगितलं होतं त्याला?

सेक्रेटरी: ताई, मे महिन्याच्या मीटिंगला विषय झालाय. ‘ओपन स्पेसची स्वच्छता’. सह्या आहेत सगळ्यांच्या.

ताई (ए-३०२): स्वच्छता म्हणजे गाजर गवत काढणं. बाभळीचं नावसुद्धा निघालं नव्हतं.

वहिनी (बी-१०१): साप निघतात हो तिथनं. परवा आमच्या जिन्यात आलेला. बारकी पोरं खेळतात. तुम्हाला तिसऱ्या मजल्यावर काय कळणार?

ताई (ए-३०२): वहिनी, मजल्याचा काय संबंध?

अण्णा (ए-१०२): मागच्या कुंपणाची जाळी कुठं गेली?

दादा (बी-२०४): वहिनी, धामण होती ती. सर्पमित्रानं तुमच्यासमोरच सांगितलंय. बिनविषारी, उंदरं खाती. आणि साप मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, काठी घेऊन धावणाऱ्यांनी ध्यानात ठेवा. उंदरं का येतात तेवढं बघा. काठाला शिळं अन्न कोण ओततंय?

वहिनी (बी-१०१): रोख कुणाकडं आहे ते स्पष्ट बोला की.

दादा (बी-२०४): मी नाव घेतलंय का कुणाचं?

भाऊ (सी-३०१): राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी आत्ता ३४ फूट. इशारा पातळी ३९, धोका पातळी ४३. गाड्या वर काढायच्या का?

दादा (बी-२०४): भावा, तू तासातासाला टाकायलायस, पंचगंगा तुला बघूनच वाढायलीय 😀

मास्तर (सी-१०१): हसण्यावारी नेऊ नका. नदी चढली की ओढ्याचं पाणी पुढं सरकत नाही, फुगवट्यानं मागं फिरतं. २०१९ ला आणि २०२१ ला आपल्या पार्किंगमध्ये पाणी आलं ते असंच. उतरताना तेच पाणी काठ ओढून नेतं. पलीकडच्या बाजूला सगळं सपाट करून भराव टाकला, तो काठ किती खचलाय ते जाऊन बघा. आपल्या बाजूला उंबर, करंज, वाळुंज आहेत. त्यांच्या मुळांनी माती धरून ठेवलीय.

चेअरमन: मास्तर, तुमचा आदर आहे. पण डासांचं काय? गेल्या साली डेंग्यू झालाय आपल्यात.

डॉक्टर मॅडम (ए-२०१): डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात होतो. टेरेसवरची उघडी पिंपं, कुंड्यांखालच्या थाळ्या, टायर. आठवड्यातून एकदा रिकामं करून घासून ठेवा. बाभळीनं काय केलंय?

अण्णा (ए-१०२): जाळीचं कुणीच सांगेना.

सेक्रेटरी: अण्णा, पुरात गेली. चारदा सांगून झालं.

अण्णा (ए-१०२): जाळी गेली आणि खांब राहिले?

बी-३०२: माझं मत, पेव्हर घाला. चार गाड्या आरामात बसतील.

ताई (ए-३०२): लेआउटला ती ओपन स्पेस आहे, पार्किंग नव्हे. झाड तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, १९७५ चा कायदा आहे.

दादा (बी-२०४): ज्यांच्या दोन-दोन गाड्या आहेत त्यांनाच जागा कमी पडायलीय.

बी-३०२: दादा, मेंटेनन्स भरतो मी. वेळेवर.

आज्जी (सी-२०२): घरट्यात पिल्लं होती काय गं?

ताई (ए-३०२): अंडी होती आज्जी. फुटली.

आज्जी (सी-२०२): अरे देवा.

सेक्रेटरी: हे मला कुणी आधी सांगायला पाहिजे होतं.

ताई (ए-३०२): तेच म्हणायलेय. तिथं काय आहे आणि काय गेलं, कुणीच बघत नाही. सुबाभूळ काढा, माझी काही हरकत नाही. शेंगा टाकून सगळीकडं पसरते ती. पण मुळासकट काढा, नाहीतर बुंध्यातनं परत फुटते. गाजर गवत फुलायच्या आधी हातमोजे घालून उपटायचं. बी धरल्यावर कटर फिरवला तर आपणच पेरणी केल्यासारखं होतं. उंबर, करंज, वाळुंजाला हात नको. बाभूळ छाटायचीच असली तर पावसाळा सरून घरटी रिकामी झाल्यावर. आणि दर महिन्याला ठरलेल्या जागांवरनं फोटो काढायचे: पंपरूमच्या मागनं, उंबराखालनं, ओढ्याच्या वळणावरनं. काठ किती सरकला, काय नवीन उगवलं, ते वहीत लिहायचं.

बी-३०२: वही ठेवणार कोण? बोलायला सगळे पुढं.

ताई (ए-३०२): मी ठेवते. पण कटरवाल्याला बोलवायच्या आधी वही बघायची, असा ठराव लिहून पाहिजे.

मास्तर (सी-१०१): काठाच्या खुणा मी करून देतो. दगडाला रंग लावू, पुरानंतर मोजता येईल.

अण्णा (ए-१०२): त्या वहीत जाळीपण लिहा.

चेअरमन: रविवारी दहाला पार्किंगमध्ये बसू. जे बोलायचं ते समोर बोला.

सेक्रेटरी: कटरवाला उद्या उरलेली बाजू करायला येणार होता. नको म्हणून फोन केलाय. तोवर कुणी परस्पर बोलवू नका.

वहिनी (बी-१०१): सर्पमित्राचा नंबर ग्रुपला पिन करा. मगच मी ठरावावर सही करणार.

ताई (ए-३०२): आत्ता करते वहिनी.