आइसलँड: दिवाळीच्या सुट्टीत की मे महिन्यात? सासूबाई आणि ९ वर्षांची लेक सोबत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आइसलँडचं घोडं आमच्याकडे बरेच दिवस अडलंय. नवऱ्याला तो २०१० मध्ये अख्ख्या युरोपची विमानं जमिनीवर बसवणारा एयाफ्यात्लायोकुल ज्वालामुखी बघायचाय, लेकीला नॉर्दर्न लाइट्स (रात्री आकाशात दिसणारा रंगीत उजेड) हव्यात आणि त्याहून कमी काही चालणार नाही, सासूबाई म्हणतात धबधबे बघेन पण चढायला लावू नका. मला काय बघायचंय ते अजून कुणी विचारलेलं नाही, असो.

मुद्दा असा की शाळेमुळे आमच्याकडे दोनच वेळा आहेत, दिवाळीची सुट्टी नाहीतर मे. दिवाळीत लाइट्स दिसू शकतात पण दिवस लहान आणि थंडी, मे मध्ये दिवस मोठा पण लाइट्स विसरा. आठवडा-दहा दिवस मिळतील. यूट्यूबवर जो तो बेटाला वळसा घालणारा रिंग रोड करा म्हणतोय, गाडी घ्या, १३०० किलोमीटर, सगळं बेट बघून होतं वगैरे. नवरा गाडी चांगली चालवतो पण ती पुण्यात, रस्त्याच्या उजव्या बाजूने कधी चालवलेली नाही. सासूबाई शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. आणि त्यांनी टीव्हीवर ज्वालामुखीच्या भीतीने ग्रिंडाविक गाव रिकामं केल्याची बातमी पाहिल्यापासून "तिथे जमीन फाटते म्हणे" हे रोज एकदा होतं, त्यांना काय सांगू? ब्लू लगून (ते गरम पाण्याचं तळं) घ्यावं की नको? बजेट फार ताणायचं नाहीये, पण आइसलँडला जाऊन स्वस्त शोधायचं म्हणजे काय ते मला कळतंय, हसू नका.

– केतकीचं_पान

*

केतकीताई, रिंग रोड डोक्यातून काढा. आम्ही कोपनहेगनला असतो, तिथून जाऊन आलोय. १३२२ किमी कागदावर फार वाटत नाही, आपण पुणे-नागपूर करतोच की, पण तिथे डांबरी रस्त्यालाही लिमिट ताशी ९०, खडीच्या रस्त्याला ८०, मध्येच एका गाडीपुरते पूल, आणि दर वीस मिनिटांनी कुणीतरी थांबव थांबव म्हणणार. नोव्हेंबरच्या सुरुवातीला राजधानी रेक्याविकला सूर्य उगवतो साडेनऊच्या आसपास आणि पाचच्या सुमारास मावळतो. बर्फ पडला की रस्ता बंद, आणि तुमचं पुढचं हॉटेल दोनशे किमीवर, पैसे आधीच भरलेले. आजीबाई आणि लहान मुलीला घेऊन हा उद्योग कशाला? दक्षिण किनारा आणि गोल्डन सर्कल (रेक्याविकहून करायची प्रसिद्ध ठिकाणांची गोल फेरी) एवढंच नीट करा, भरपूर आहे.

मी मे म्हणेन. मेच्या मध्याला पहाटे चारला सूर्य वर आणि रात्री साडेदहापर्यंत उजेड, म्हणजे आजींच्या वेगाने सावकाश निघालात तरी काही चुकत नाही. आतल्या डोंगराळ भागातले एफ रोड तेव्हा बंद असतात, साधारण जूनअखेरीनंतर उघडतात, पण ते फोरव्हीलवाल्यांचं आणि नद्या ओलांडणाऱ्यांचं काम, तुम्हाला नकोच आहे.

– घाटवाट

*

मे ला माझा विरोध, हाहा. लाइट्ससाठी जाणाऱ्या मुलीला उजेडात नेऊन काय दाखवणार? आम्ही ऑक्टोबरच्या शेवटी गेलो होतो, गाडी घेतलीच नाही, रेक्याविकमध्ये एकच अपार्टमेंट आणि रोज बसच्या डे टूर. बस स्टॉपवरून उचलतात, संध्याकाळी आणून सोडतात. तिथल्या हवामान खात्याच्या वेदुर साइटवर ढगांचा नकाशा असतो, त्यात पांढरं म्हणजे मोकळं आकाश आणि हिरवं म्हणजे ढग. पहिल्या रात्री आम्ही हिरवं बघून टाळ्या पिटल्या, आम्हाला वाटलं तेच लाइट्स! शेवटच्या दोन रात्री दिसल्या, एकदा तर अपार्टमेंटच्या गॅलरीतून. पण हेही सांगतो, आमच्याच बसमधले दोघं आठवडाभर राहून ढग बघून गेले. गॅरंटी कुणीच देत नाही, टूरवाले फार तर दुसऱ्या रात्री परत नेतात.

– उनाड_पावलं

*

दोघांचंही बरोबर आहे, प्रश्न इतकाच की लाइट्स नाहीत दिसल्या तर तुमची ट्रिप पडली का? पडणार असेल तर दिवाळीचा जुगार खेळू नका.

ज्वालामुखीचं सासूबाईंना असं सांगा. २०१० चा उद्रेक हिमनदीच्या खाली झाला होता, तापलेला लाव्हा बर्फाच्या पाण्याला भिडला की त्याची बारीक राख होते आणि ती वर उडते, विमानं त्या राखेमुळे थांबली. अलीकडे रेक्यानेस भागात जे झालंय, २०२१ पासून फाग्रादाल्सफ्याल डोंगरापाशी आणि डिसेंबर २०२३ पासून ग्रिंडाविकजवळ, तिथे जमिनीला भेग पडून लाव्हा वाहतो, राख फारशी नाही, केफ्लाविक विमानतळ आपला चालू असतो. ग्रिंडाविक १० नोव्हेंबर २०२३ ला रिकामं केलं ते खरं, पण ते उद्रेक व्हायच्या आधीच केलं, म्हणजे लक्ष ठेवून असतात. ब्लू लगून मात्र त्याच भागात आहे आणि अनेकदा बंद ठेवावं लागलंय, त्यामुळे बुकिंग करताना रद्द झालं तर पैसे परत मिळणार का ते वाचा. तशाच दुसऱ्या स्काय लगूनच्या नादी लागू नका, तिथे १२ वर्षांखालच्यांना घेत नाहीत, तुमची लेक बाहेर राहील. त्यापेक्षा गावातले सार्वजनिक पूल बघा, तेच जमिनीतलं गरम पाणी, पैसे कितीतरी कमी. फक्त पाण्यात उतरायच्या आधी कपडे न घालता साबणाने आंघोळ करावी लागते, बायकांची वेगळी आणि पुरुषांची वेगळी सोय असते, पण सासूबाईंना आधीच कल्पना द्या नाहीतर दारातून परत फिरतील.

– थंडगार

*

खाण्याचं मी सांगते. अपार्टमेंटच घ्या, हॉटेल नको. बोनस नावाचं दुकान शोधा, पिवळा बोर्ड आणि त्यावर गुलाबी डुक्कर, सासूबाईंना म्हणावं डुकराकडे बघू नका. तांदूळ, डाळी, भाज्या, ब्रेड, बटर मिळतं. स्किर म्हणून एक मिळतं ते आपल्या चक्क्यासारखं घट्ट, साखर-वेलची घालून आम्ही बिनपुरीचं श्रीखंड खाल्लं, पण काही ब्रँडमध्ये रेनेट (दूध घट्ट करायला वापरतात, वासराच्या पोटातून काढलेलं असू शकतं) असतं तेव्हा डबा वाचून घ्या. घरून मेतकूट, भाजणी, भाजलेला रवा न्या. पिण्याचं पाणी विकत घेऊ नका, नळाचं गार पाणी सरळ प्या. गरम पाण्याला मात्र कुजक्या अंड्याचा वास येतो, गंधक असतं, आंघोळीला बिनधास्त वापरा पण चहा गार पाण्याचाच.

– खमंग_फोडणी

*

सगळ्यांचे आभार! घरी काल मोठी सभा झाली. मे ठरतंय. लेक रुसली होती पण मेमध्ये पफिन पक्षी दिसतात कळल्यावर थोडी निवळली. रेक्याविकला चार-पाच रात्री, मग दक्षिण किनाऱ्यावरच्या विक गावाच्या आसपास दोन-तीन, असं डोक्यात आहे. आता गाडी घ्यावी का यावर नवरा आणि मी दोन पार्ट्यांत आहोत. आणि सासूबाईंना नेमकं काय काय झेपेल?

– केतकीचं_पान

*

मे मध्ये गाडी घ्याच, ऑटोमॅटिक, आणि पहिल्या दिवशी लांब जाऊ नका. रेक्याविक ते विक १९० किमीच्या आत, अडीच तासांचा रस्ता, वाटेत सेल्यालान्डसफॉस आणि स्कोगाफॉस हे दोन्ही धबधबे, दोन्ही साधारण ६० मीटर उंच आणि दोन्हीकडे पार्किंगपासून सपाट चालणं. सेल्यालान्डसफॉसच्या मागून जायची वाट ओली आणि निसरडी, तिथे आजींनी समोरच उभं राहावं. स्कोगाफॉसच्या शेजारचा जिना तर अजिबात नको. तुमच्या मिस्टरांचा एयाफ्यात्लायोकुल याच टप्प्यात रस्त्यावरूनच दिसतो, ढग नसतील तर. विकहून योकुल्सारलोन आणखी तेवढंच पुढे, हिमनगांचं तळं, बोटीत बसून आजीही खूश. गोल्डन सर्कलमध्ये स्ट्रोक्कुरचं गरम पाणी दर पाच-दहा मिनिटांनी उडतं.

विकजवळच्या रेनिसफ्यारा किनाऱ्याच्या काळ्या वाळूवर लेकीचा हात सोडू नका. तिथे लाट अचानक आत येऊन माणसं ओढून नेते, मृत्यू झालेत. पार्किंगपाशी दिव्याचा बोर्ड आहे, लाल असला तर पाण्याकडे उतरूच नका.

गाडीचं दार उघडताना हाताने धरून उघडा, वारा दार उलटं फिरवतो, आणि ते नुकसान बहुतेक इन्शुरन्समध्ये बसत नाही. आमच्या ओळखीच्यांना भाड्याच्या गाडीच्या अशा एका दाराचे एवढे पैसे भरावे लागले की उरलेले दिवस ब्रेड-बटरवर काढले. बऱ्याच पेट्रोल पंपांवर माणूस नसतो, पिन असलेलं कार्ड लागतं. आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून ठेवा.

– घाटवाट

*

व्हिसाचं राहिलंच. शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) व्हिसा लागतो, ज्या देशात जास्त रात्री त्या देशाकडे अर्ज, म्हणजे तुमचा आइसलँडचाच. सहा महिने आधीपासून करता येतो, मे चं असेल तर अपॉइंटमेंट मार्चवर ढकलू नका, सगळा भारत तेव्हाच निघतो. ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा. फ्रँकफर्ट किंवा कोपनहेगनमार्गे गेलात तर इमिग्रेशन तिथेच होतं, आजी सोबत असताना मधला वेळ तीन तास तरी ठेवा, आणि व्हीलचेअर तिकिटासोबतच सांगून ठेवा.

– थंडगार

*

व्हीलचेअर म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या मी काय म्हातारी झाले का. बुक करतेय, गुपचूप.

– केतकीचं_पान