चहाच्या मळ्यांत पर्यटन वाढवावे का? दार्जिलिंगच्या निमित्ताने

कडकचहा:
उन्हाळ्याच्या सुटीत दार्जिलिंग-गंगटोक करून येणारी मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत, पण त्यांतील बहुतेकांचा चहाच्या मळ्याशी येणारा संबंध रस्त्याकडेला गाडी थांबवून काढलेल्या छायाचित्रापुरताच असतो. मळ्यांतच पाहुण्यांची सोय व्हावी असे माझे मत आहे आणि त्यावर इथे साधकबाधक चर्चा व्हावी असे वाटते. पश्चिम बंगाल सरकारने २०१९ च्या धोरणानुसार मळ्याच्या १५ टक्के, परंतु १५० एकरांहून अधिक नाही, इतक्या जमिनीवर पर्यटन आणि संलग्न व्यवसायांना मुभा दिली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ही टक्केवारी ३० वर नेण्याची घोषणा झाली आणि कामगार संघटनांनी तिला विरोध केला.

मळ्याची जमीन हॉटेलांकडे जाईल, ही विरोधामागची भीती मला समजते, पण नुसत्या चहावर हे मळे तगतील कसे? दार्जिलिंगच्या ८७ मळ्यांतून एके काळी वर्षाला एक कोटी किलोंहून अधिक चहा निघत असे, तो आता साठ लाख किलोंच्या आसपास आला आहे. अनेक मळ्यांतील झुडपे शंभरी ओलांडलेली आहेत, पावसाचा भरवसा उरलेला नाही आणि नेपाळचा स्वस्त चहा त्याच बाजारात उभा आहे. २०१७ मध्ये गोरखालँड या वेगळ्या राज्याच्या मागणीसाठी शंभराहून अधिक दिवस बंद पाळला गेला, तेव्हा चांगला भाव मिळवून देणारा दुसरा बहर, म्हणजे उन्हाळ्यातील खुडणीची पालवी, झुडपांवरच वाढून वाया गेला. अशा धंद्याला दुसरे उत्पन्न नको का? आपल्याकडे कृषी पर्यटनाने कित्येक शेतकऱ्यांना हात दिलाच आहे.

सातबारा:
कृषी पर्यटनाची तुलना इथे लागू पडत नाही. आपल्याकडे जो शेतकरी पाहुण्यांना पिठले-भाकरी वाढतो, त्याच्या नावावर सातबारा असतो आणि खोलीचे भाडे त्याच्याच घरात येते. दार्जिलिंगच्या मळ्याची जमीन सरकारची, ती भाडेपट्ट्याने कंपनीकडे, आणि चार पिढ्या तिथे राबलेल्या कामगाराचे घरही त्याचे नव्हे. कुटुंबातील एक तरी माणूस मळ्याच्या कामावर असेल तोवरच ते घर त्याच्याकडे राहते. उत्तर बंगालच्या मळ्यांतील रोजची मजुरी २०२३ मध्ये २५० रुपये झाली. मळ्यातील जुन्या बंगल्यात एका रात्रीसाठी पाहुणा जे मोजतो, त्यात हा रोज किती वेळा बसतो याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. कामगारांची पहिली मागणी जमिनीच्या पट्ट्याची आहे. त्यांना घराखालच्या जमिनीचा कागद मिळण्याआधीच हॉटेलांसाठी ३० टक्क्यांचे दार उघडत असेल, तर हे धोरण कोणासाठी आखले आहे, हे सांगायला नको.

भूगोलवाली:
मला टक्केवारीपेक्षा उताराची चिंता वाटते. या धोरणाचा भर मळ्यातील पडीक जमिनीवर आहे आणि चहाखालचे क्षेत्र घटू नये, अशी अटही आहे. मात्र डोंगरातील मळ्यात एखादा तुकडा ‘पडीक’ राहतो तो बऱ्याचदा तिथून ओहोळ जातो म्हणून, किंवा तिथली माती पूर्वी कधी तरी घसरलेली असते म्हणून. अशा जागी सपाटीकरण करून, वाहनतळ बांधून, पाण्याची वाट वळवली की त्याचे परिणाम खालच्या वस्तीला भोगावे लागतात, आणि खालची वस्ती म्हणजे बहुधा कामगारांच्याच चाळी. ऑगस्ट २०२० मध्ये केरळात मुन्नारजवळ पेट्टिमुडी येथे मळेकामगारांच्या चाळी दरडीखाली गेल्या आणि ७० माणसे दगावली. तिथे वर हॉटेल नव्हते, कारण अतिवृष्टीचे होते, हे मान्य. पण दरड आली तेव्हा तिच्या वाटेत कोण होते, हे त्या घटनेत स्पष्ट दिसते.

कडकचहा:
भूगोलवाली यांचा मुद्दा मला मान्य आहे आणि नवे बांधकाम हा माझाही आग्रह नाही. ग्लेनबर्नसारख्या मळ्यात व्यवस्थापकाचा जुना बंगलाच पाहुण्यांसाठी खुला केला गेला. कर्सियांगजवळच्या मकाईबारीत कामगारांच्या घरांत पाहुणे उतरतात आणि त्याचे पैसे त्या घरांत जातात. सातबारा यांना या दुसऱ्या प्रकारावरही आक्षेप आहे का?

सातबारा:
त्यावर मुळीच नाही. सगळे पर्यटन तसे असते तर मी इथे लिहिलेच नसते. परंतु त्याच मकाईबारीत आज पंचतारांकित हॉटेलही उभे आहे आणि धोरणातील एकरांची भाषा अशा हॉटेलांसाठी आहे. दोन खोल्यांच्या घरात पाहुणा ठेवायला १५० एकर लागत नाहीत.

पर्यटन आले की मजुरी आपोआप वाढते, या समजुतीला मुन्नारइतके चोख उत्तर दुसरे नाही. तिथे पर्यटकांची रीघ कित्येक वर्षांपासून आहे, आणि २००५ पासून तिथल्या मोठ्या मळेकंपनीत कामगारांकडे समभागही आहेत. तरीही सप्टेंबर २०१५ मध्ये बोनस निम्म्यावर आला, म्हणजे २० टक्क्यांवरून १० वर, तेव्हा चहा खुडणाऱ्या हजारो बायकांना रस्ता अडवून बसावे लागले. प्रस्थापित संघटनांच्या पुढाऱ्यांनाही त्यांनी जवळ फिरकू दिले नाही. त्या वेळी त्यांचा रोज होता २३२ रुपये, आणि मागणी होती ५०० ची. मिळाले ३०१, तेही आंदोलनाच्या रेट्यामुळे. हॉटेलांच्या भरभराटीचा त्यात काही वाटा नव्हता.

बिनसाखरेचा:
मी पाहुणा म्हणून गेलो होतो, तेवढ्यापुरते लिहितो. रस्त्याकडेच्या एका मळ्यात भाड्याने नेपाळी पोशाख आणि पाठीवरची टोपली मिळत होती. आमच्या गटातील सगळ्यांनी ती टोपली घेऊन छायाचित्रे काढली, मीही काढले. ती रिकामी होती. पन्नास पावलांवर खुडणीवाल्या बायका डोक्यावरून पट्टा घेऊन भरलेले डोको, म्हणजे तशाच टोपल्या, वजनकाट्याकडे नेत होत्या, आणि काट्यावरचा माणूस पाने ओली आहेत म्हणून वजनातून काही कापत होता. त्यावरून एका बाईची त्याच्याशी बराच वेळ हुज्जत चालली होती. आमच्या मार्गदर्शकाने आम्हाला ‘दोन पाने आणि एक कळी’ ही खुडण्याची रीत छान समजावून सांगितली, पण त्या हुज्जतीचा अर्थ विचारल्यावर तो हसला आणि गाडीकडे चला म्हणाला. पर्यटन असावे की नसावे, हे मला ठरवता येत नाही. मात्र ‘मळ्याचा अनुभव’ म्हणून पैसे घ्यायचे असतील, तर काट्यावरची ती हुज्जतही दाखवावी.

कडकचहा:
मुन्नारचे उदाहरण मला खोडता येत नाही, त्यामुळे माझ्या मूळ मतात दुरुस्ती करतो. टक्केवारी १५ वरच राहावी, आधी जमिनीचे पट्टे द्यावेत आणि परवानगी घरगुती निवासांना व जुन्या बंगल्यांनाच द्यावी. तरीही एक प्रश्न उरतो. एखादा मळा टाळे लावून मालक निघून जातो, तेव्हा तिथल्या कामगाराला सरकारकडून महिन्याला १,५०० रुपये साहाय्य मिळते. अशा मळ्यात उद्या कोणी हॉटेलच्या अटीवर चहा पुन्हा सुरू करायला तयार झाला, तर तिथल्या कामगारांनी त्याला काय सांगावे?

सातबारा:
पट्टा हातात असेल तर ‘ये, पण भाडे आम्हाला दे’ असे सांगता येईल. आज ते तसे सांगू शकत नाहीत, माझे भांडण तेवढ्यावरच आहे.