चायनीज ५८ सीसी चेनसॉ: पूड पिठासारखी पडते, बार तापतो

प्रश्न: आंब्याच्या वाळक्या फांद्या आणि पडलेली अकेशिया कापायला स्वस्तातला चेनसॉ घेतलाय. बार, म्हणजे चेन ज्यावर फिरते ती पट्टी, २२ इंची. इंजिन दोन-तीन झटक्यांत चालू होतं, तक्रार नाही. पण पूड पिठासारखी बारीक पडते आणि पाच मिनिटांत बारचं टोक हात लावू देत नाही. पेट्रोलमध्ये मिसळायचं टूटी (टू-स्ट्रोक) ऑइल किती घालावं?

उत्तर १: आधी चेन उलटी बसलीय का पाहा. बारच्या वरच्या बाजूला दातांची धार टोकाकडे हवी. ती बरोबर असेल तर धार गेलीय, किंवा कंपनीतूनच नीट आलेली नाही. या मशिनांची सोबतची चेन बहुधा हलक्या दर्जाचीच असते. चेन .३२५ इंच पिचची (पिच म्हणजे कड्यांमधल्या अंतराचं माप) असेल तर ४.८ मिमीची गोल कानस, ३० अंश, आतून बाहेर एकाच दिशेने. प्रत्येक दाताला सारखेच हात मारा, नाहीतर काप वाकडा जातो. धार लागली की पीठ नाही, ढलप्या पडतील.

उत्तर २: टोक तापतंय ते चेनचं तेल (टूटी नव्हे, वेगळ्या टाकीतलं) पोचत नसल्यामुळेही. पांढऱ्या कागदासमोर टोक धरून रेस द्या, अर्ध्या मिनिटात तेलाची रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर कव्हर काढून बारचं तेलाचं भोक आणि खाच तारेने साफ करा. गाडीचं जळकं तेल मुळीच नको, त्यातला धातूचा कीस पंप खातो. कव्हर परत लावताना चेन ब्रेक (चेन थांबवणारा दांडा) सोडलेला हवा, आणि ताण देणारी पिन बारच्या छोट्या भोकात बसलीय याची खात्री करूनच नट आवळा. ती चुकली की पिन वाकते. नट आवळताना बारचं टोक वर उचलून धरा. चेन हाताने सहज ओढली जावी, पण खाली लोंबू नये.

उत्तर ३: १ लिटर पेट्रोलला ४० मिली टूटी ऑइल, म्हणजे २५:१. तेल कमी करून वाचवायला जाऊ नका, पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं आणि स्वस्तातला पेट्रोल पाइप खराब करतं. चिरलेल्या पाइपातून हवा शिरली तरी पिस्टनच जातो, म्हणून पाइप वरचेवर पाहा. काम संपलं की टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा.

आणि ५८ सीसी हा आकडा स्टिकरवरचा. ४५.२ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), ३४ मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव) असेल तर हिशेब साडेचोपन्न सीसीच येतो. अकेशियाच्या जाड बुंध्यात २२ इंची बार या इंजिनाला जड जातो, १८ इंची लावा. टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकू देऊ नका, करवत उसळून सरळ तोंडावर येते.